बाल्कनीत आलेला तो इवलासा पक्षी हमिंगबर्ड नाही, मग कोण?

थंडी सरत आली की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक तरी व्हिडिओ येतोच. जास्वंदीच्या फुलापाशी एक इवलासा चमकदार पक्षी, लांब बाकदार चोच, पंख भराभर हलतायत, आणि खाली लिहिलेलं असतं "आपल्याकडे हमिंगबर्ड!!" मग हार्ट येतात, अंगठे येतात, कोणीतरी विचारतं खरंच का, कोणीतरी म्हणतं हो आमच्या कुंडीवर पण येतो रोज सकाळी. तर आधीच सांगून टाकतो, महाराष्ट्रात हमिंगबर्ड नाही, गोव्यात नाही, भारतात कुठेच नाही, अख्ख्या आशियात नाही. पण तुम्हाला दिसलेला पक्षी खरा आहे, तो इथलाच आहे, आणि आपण त्याचं सगळं कौतुक दुसऱ्याच्याच नावावर जमा करतो याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून हा लेख.

हमिंगबर्ड राहतो कुठे?

हमिंगबर्डच्या साडेतीनशेहून जास्त जाती आहेत आणि त्या सगळ्या फक्त उत्तर आणि दक्षिण अमेरिका खंडात आणि आसपासच्या बेटांवर, म्हणजे वर अलास्कापासून ते पार खाली दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत. सगळ्यात जास्त जाती कोलंबिया, इक्वेडोर अशा देशांत. क्यूबामधला बी हमिंगबर्ड तर जगातला सगळ्यात छोटा पक्षी, वजन जेमतेम २ ग्रॅमच्या आसपास.

आता एक गंमत. जर्मनीत हमिंगबर्डचे जीवाश्म सापडलेत, सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वीचे, आणि २००४ मध्ये गेराल्ड मायर या शास्त्रज्ञाने त्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. म्हणजे एके काळी हे पक्षी युरोपातही होते, नंतर तिथून नाहीसे झाले आणि उरले ते फक्त अमेरिकेत. त्यामुळे "आशियात कधीतरी असतील ना" असं कोणी म्हटलं तर इतकंच म्हणता येईल की जुन्या जगात ते होते, पण माणूस जन्माला यायच्या कितीतरी आधी.

आपल्याकडे जो दिसतो तो शिंजीर, म्हणजेच सूर्यपक्षी, इंग्रजी शाळेतल्या पोरांच्या भाषेत सनबर्ड. याचं कुटुंब आफ्रिका, आशिया ते ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेलं, साधारण १४५ जाती. हमिंगबर्डशी याचं नातं जवळपास नाहीच. हमिंगबर्डचे जवळचे भाऊबंद म्हणजे पाकोळ्या, त्याच त्या पुलाखाली आणि जुन्या वाड्यांत घरटी करणाऱ्या. आणि शिंजीर त्या मोठ्या गटातला ज्यात चिमणी, बुलबुल, दयाळ वगैरे येतात.

नातं नाही, मग इतके सारखे का दिसतात?

समजा एका गावात एक सुतार आहे आणि दुसऱ्या जिल्ह्यात दुसरा, दोघांची कधी भेट नाही, आणि दोघांनाही कोणी सांगितलं की खोल बरणीच्या तळाचं लोणचं काढायला काहीतरी करून दे, तर दोघंही शेवटी लांब दांड्याचं काहीतरीच करून देणार. फुलाच्या नळीत खोल तळाशी मध असतो, तो काढायचा तर लांब बारीक चोच पाहिजे आणि आणखी लांब जीभ पाहिजे, म्हणून अमेरिकेत एका घराण्याला ती आली आणि आपल्याकडे वेगळ्याच घराण्याला आली. याला अभिसारी उत्क्रांती म्हणतात, म्हणजे नातं नसलेल्या जीवांचं एकाच कामामुळे सारखं होत जाणं. शब्द एकदा सांगितला, आता परत वापरत नाही.

चमकही दोघांना आहे. आणि ती चमक रंगद्रव्याची नाही, पिसांची रचना अशी बारीक असते की उजेड त्यावरून ठराविक कोनात परततो आणि तेव्हाच निळा, जांभळा, हिरवा झळकतो, पक्ष्याने मान वळवली की तोच भाग काळा. म्हणून नुसत्या रंगावरून पक्षी ओळखायला गेलात तर फसायला होतं, सकाळी काळा दिसला आणि दुपारी जांभळा दिसला म्हणून दोन वेगळे पक्षी येतात असं वाटतं, असतो एकच.

खरा फरक बघायचा तर पाय आणि पंख बघा

हमिंगबर्डचा पंख खांद्यातून असा काही फिरतो की पंख पुढे जाताना पण त्याला वर उचलणारा जोर मिळतो आणि मागे येताना पण मिळतो. बाकी पक्ष्यांना तो मुख्यतः पंख खाली मारतानाच मिळतो. म्हणून हमिंगबर्ड हवेत एका जागी स्थिर थांबू शकतो, उलटा मागे उडू शकतो, आणि लहान जातींचे पंख सेकंदाला ५० ते ८० वेळा हलतात, त्यातूनच तो गुणगुणल्यासारखा आवाज येतो. याची किंमतही मोठी आहे, उडताना हृदयाचे ठोके मिनिटाला हजाराच्या वर जातात आणि थंडीच्या रात्री कित्येक जाती शरीराचं तापमान भरपूर खाली आणून जवळजवळ बेशुद्धच पडून राहतात, नाहीतर सकाळपर्यंत अंगातली ताकदच संपून जाईल. पाय अगदी कमजोर, धड चालताही येत नाही.

शिंजिराचं उलट. पाय मजबूत, फांदीला, देठाला, अगदी फुलाच्या कडेला धरून बसतो, उलटा लटकतो, मान वाकडी करून चोच आत घालतो. हवेत थांबणं त्याला अगदीच जमत नाही असं नाही, दोन-चार सेकंद फडफडत थांबतो आणि नेमका तोच क्षण मोबाईलमध्ये सापडतो, तिथेच सगळा घोटाळा होतो. तुम्ही पुढची दोन मिनिटं शूटिंग चालू ठेवलं असतं तर तो बसलेला दिसलाच असता.

आपली फुलंही हेच सांगतात. पांगारा, पळस, काटेसावर बघा, फुलाशेजारी जाड फांदी असते, बसायला जागा असते. अमेरिकेतली हमिंगबर्डसाठीची बरीच फुलं मात्र हवेत लोंबती, बसायला काही नाही, येणारा तरंगतच येणार. जास्वंदीसारख्या फुलात समोरून पोचता आलं नाही तर शिंजीर सरळ बुडाशी भोक पाडून मध पळवतो. सकाळी फुलाच्या देठाजवळ बारीक चीर दिसली तर ती बहुतेक त्याचीच.

"पण मी पाहिलेला कुठेच बसला नाही हो!"

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो बरोबर आहे. संध्याकाळी सदाफुलीवर, एक्झोरावर, घाणेरीवर काहीतरी येतं, हवेत स्थिर थांबतं, लांब नळी फुलात घालतं, सटकन दुसऱ्या फुलावर, गुंग् असा आवाज, आणि अजिबात बसत नाही. ते पाखरू पक्षीच नाहीये. तो पतंग आहे, हॉकमॉथ नावाच्या गटातला.

ओळखायला सोपं आहे. डोक्यावर दोन मिशा दिसतात का बघा, पक्ष्याला मिशा नसतात. फुलातून बाहेर आल्यावर ती नळी गुंडाळली जाते, चोच काही गुंडाळता येत नाही. आपल्याकडे एक जात खूप दिसते जिचे पंख काचेसारखे पारदर्शक आणि अंग हिरवट पिवळं, मध्ये तांबूस पट्टा. तिच्या अळ्या अनंताच्या झाडावर वाढतात, शेपटीकडे एक काटा असलेली हिरवी अळी अनंतावर दिसली तर तिला औषध मारू नका प्लीज, चार पानं खाईल, मग मातीत जाऊन कोष करेल आणि काही दिवसांनी तुमचा "हमिंगबर्ड" तिथूनच निघेल.

आणि यात फसलात म्हणून वाईट वाटून घेऊ नका. १८४८ मध्ये ॲमेझॉनच्या जंगलात गेलेला हेन्री वॉल्टर बेट्स, ज्याने तिथे ११ वर्षं काढली आणि हजारो कीटक गोळा केले, त्याने स्वतः लिहून ठेवलंय की हमिंगबर्ड समजून त्याने कितीतरी वेळा या पतंगांवरच बंदूक चालवली. तिथे तर खरे हमिंगबर्ड शेजारीच उडत होते.

आपले शिंजीर कसे ओळखायचे

घराजवळ दिसणारे मुख्य दोन. पहिला जांभळा शिंजीर. नर लांबून पूर्ण काळा, उन्हात आला की निळा-जांभळा. विणीचा हंगाम संपला की तो हा पोशाख उतरवतो, वरून मातकट हिरवट आणि खालून पिवळा होतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत मधोमध एक काळी रेघ राहते. ही रेघ लक्षात ठेवा, पावसाळ्यानंतर बरेच लोक याला तिसराच पक्षी समजतात.

दुसरा जांभळ्या पाठीचा शिंजीर, पर्पल रम्प्ड सनबर्ड. याचा नर वर्षभर रंगीतच, डोक्यावर हिरवी चमक, पाठ तांबूस किरमिजी, गळा जांभळा, छातीवर किरमिजी पट्टा आणि पोट पिवळं धमक. विणीच्या हंगामात रंगीत नराचं पोट लांबूनसुद्धा पिवळं दिसलं की तो जांभळा शिंजीर नाही हे नक्की, हंगामातल्या जांभळ्या शिंजिराच्या नराच्या अंगावर पिवळं असतं ते फक्त पंखाखाली, नाचताना दिसणारं.

माद्यांची खरी पंचाईत, कारण दोघी साध्या, मातकट-पिवळ्या. तिथे गळा बघायचा. गळा पांढुरका आणि छाती पिवळी असेल तर जांभळ्या पाठीच्याची मादी. गळ्यापासून खालपर्यंत सगळंच पिवळसर असेल तर जांभळ्याची. एवढ्या एका खुणेवर निम्म्याहून जास्त भांडणं मिटतात.

कोकणपट्टी, मुंबई, गोव्याकडे असाल तर आणखी एक, लोटन्स सनबर्ड. दिसायला जांभळ्यासारखाच पण चोच बघितल्याबरोबर कळतं, इतकी लांब आणि वाकलेली, शिवाय पोट तपकिरी. घाटात विगर्स सनबर्ड, लालभडक पाठ-छाती आणि छातीवर पिवळ्या बारीक रेघा. हा पक्षी जगात फक्त सह्याद्रीत सापडतो, जगात दुसरीकडे कुठेही नाही, आणि आपल्यातले किती जण त्याचं नाव तरी ऐकून आहेत? अमेरिकेतल्या पक्ष्याचे रील्स आपण शेअर करतो आणि हा कर्नाळ्याला, मुंबईपासून तासा-दीड तासावर, फांदीवर बसलेला असतो. सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या दाट झाडीत क्रिमसन बॅक्ड नावाचा अजून छोटा शिंजीर आहे, तोही पश्चिम घाटाचाच.

एक चकवा मात्र आहे. अगदी लहान, राखाडी मातकट, आखूड चोच, सतत चिक चिक करत झाडाच्या शेंड्यात फिरणारा तो फुलटोच्या, शिंजीर नाही. पण दोघांची जोडी बांडगुळावर जमते. सालिम अलींनी १९३१ मध्ये कोकणातल्या बांडगुळांवर यासाठीच खास पेपर लिहिला होता. शिंजीर बांडगुळाच्या फुलातला मध घेताना परागकण इकडून तिकडे नेतो, मग फळं धरतात, ती फुलटोच्या खातो आणि चिकट बी दुसऱ्या फांदीवर पुसून टाकतो, तिथे नवं बांडगूळ. आंब्याच्या बागवाल्याला हे कळल्यावर आनंद होणार नाही, पण व्यवस्था बघा कशी आहे.

शोधायला जायचं कुठे?

कुठे जायचं यापेक्षा कुठल्या झाडाखाली थांबायचं ते महत्त्वाचं. जानेवारी ते मार्च काटेसावर, पळस, पांगारा यांची पानं गळलेली आणि फुलं भरलेली, तेव्हा सकाळी एका झाडाखाली अर्धा तास उभे राहा, दुसरं काही करायची गरज नाही. डोंगरउतारावर त्याच दिवसांत धायटी फुलते, छोटी लाल फुलं, सिंहगडाच्या वाटेवर भरपूर, तिथे शिंजीर हमखास. शेवग्याचा फुलोरा विसरू नका. विगर्ससाठी कर्नाळा, बोरिवलीचं नॅशनल पार्क, माथेरान, महाबळेश्वर. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या भागात जांभळा शिंजीर बघायला तर गावाबाहेरचा पळससुद्धा पुरतो.

कान पण वापरा. जांभळ्या शिंजिराचा नर उंच काडीवर, तारेवर बसून चीविट चीविट असा मोठ्याने ओरडत असतो, पक्षी बोटाएवढा आणि आवाज अख्ख्या गल्लीला ऐकू जातो.

मोबाईलवर मर्लिन नावाचं फुकट ॲप आहे, त्यात आपलं ठिकाण आणि तारीख भरली की ते तिथे दिसू शकणाऱ्या पक्ष्यांचीच नावं सुचवतं. नुसता इमेज सर्च केलात तर मात्र अमेरिकेतला पक्षीच वर येतो, कारण त्याचे फोटो इंटरनेटवर अतोनात.

भरकटून आला असेल, पिंजऱ्यातून सुटला असेल?

भरकटण्याचं बघू. रुबी थ्रोटेड नावाचा हमिंगबर्ड, वजन जेमतेम ३ ग्रॅम, मेक्सिकोचं आखात न थांबता ओलांडतो, साधारण ८०० किलोमीटर, आणि त्याआधी खाऊन खाऊन वजन जवळपास दुप्पट करतो. हीच त्याच्या ताकदीची कमाल आहे. अमेरिका ते भारत म्हणजे हजारो किलोमीटर समुद्र, मध्ये फूल नाही, किडा नाही. आणि पिंजऱ्याचं म्हणाल तर हमिंगबर्डच्या सगळ्या जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स (CITES) या वन्यजीवांच्या व्यापाराबद्दलच्या करारानुसार नियंत्रित आहे, शिवाय सतत खावं लागणारा हा पक्षी कोणी गुपचूप आणून बाल्कनीत पाळेल ही शक्यता धरूच नका.

साखरपाण्याचा फीडर लावू का?

ऑनलाइन लाल रंगाचे फीडर मिळतात म्हणून विचारतात. माझं मत, आपल्याकडे नको. आपल्या उन्हात साखरपाणी एका दिवसात आंबतं, बुरशी धरते, मुंग्या चढतात, आणि रोज धुणं कोणाकडून होत नाही. त्यापेक्षा झाड लावा. हमेलिया, जी सोसायट्यांच्या कुंपणाला नारिंगी-लाल नळीदार फुलांची असते ना, ती मुळात अमेरिकेतली, तिथे तिच्यावर हमिंगबर्ड येतात, इथे तीच फुलं शिंजिराने आपलीशी केली. रसेलियाचंही तसंच. जागा असेल तर मुरुडशेंग, धायटी ही आपलीच झाडं उत्तम. आणि कीटकनाशक बंद करा, कारण शिंजीर फक्त मधावर जगत नाही, पिल्लांना तो कोळी आणि किडेच भरवतो.

घरटं केलं तर काय हेही सांगतो. वाळत घालायच्या दोरीला, वायरला, वेलीला लोंबणारी एक पिशवी दिसेल, कोळ्याच्या जाळ्याने बांधलेली, सालींचे तुकडे, कचरा चिकटवलेला, बाजूने दार आणि दारावर छोटं छप्पर. हे सगळं मादी एकटी करते. अंडी बहुधा दोन, उबवायला दोन आठवडे, मग पिल्लं साधारण तितकेच दिवस आत. महिनाभर ती दोरी वापरू नका, घरटं हलवू नका, फ्लॅश मारून फोटो काढू नका, कावळ्याला तुमच्या येण्याजाण्यावरूनच पत्ता लागतो. याच दिवसांत नर गाडीच्या आरशावर टोचा मारत असेल तर त्याला स्वतःचं प्रतिबिंब म्हणजे घुसखोर वाटतोय, आरशावर जुना मोजा चढवा, बिचारा दमून जातो.

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी

तुमच्याकडे मात्र खराखुरा आहे, आणि तिथे फीडर चालतो. न्यू जर्सीकडे गोष्ट सोपी, नेहमी येणारी एकच जात, रुबी थ्रोटेड, एप्रिलच्या शेवटाला येते आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत निघून जाते, नराचा गळा माणिक लाल, पाठ हिरवी. बे एरियात अ‍ॅनाज हमिंगबर्ड बारा महिने, नराचं डोकं आणि गळा दोन्ही गुलाबी चमकतं, शिवाय वर्षाच्या सुरुवातीपासून उन्हाळ्यापर्यंत अ‍ॅलन्स. सिअ‍ॅटलला अ‍ॅनाज बर्फातही असतो आणि वसंतात नारिंगी रूफस येतो. ह्यूस्टनवाल्यांनी सप्टेंबर चुकवू नये, दक्षिणेकडे जाणाऱ्या रुबी थ्रोटेडची गर्दी होते. अ‍ॅरिझोनाच्या दक्षिण टोकाला ट्रिप काढलीत तर डझनभर जाती दिसू शकतात. लंडन किंवा जर्मनीत असाल तर तिथे हमिंगबर्ड नाही, बागेत उन्हाळ्यात तरंगणारा तो हॉकमॉथच.

फीडरचं प्रमाण एक वाटी पांढरी साखर, चार वाट्या पाणी, बस. गूळ नको, मध नको, ब्राऊन शुगर नको, लाल रंग तर नकोच, हे पौष्टिक वाटलं तरी त्यांना त्रासाचं आहे. उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी ओतून द्यायचं आणि गरम पाण्याने ब्रशने घासायचं. आई-बाबा भारतातून उन्हाळ्यात येणार असतील तर फीडर एप्रिलच्या मध्यालाच स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर टांगून ठेवा, पक्ष्यांना जागा ठाऊक झालेली असते, आणि हे धुण्या-भरण्याचं काम आई-बाबांकडेच द्या, ते एकही दिवस चुकवणार नाहीत.